वजन उतरल्यावर हाडांचं काय?

लठ्ठपणावरची गॅस्ट्रिक बायपासची शस्त्रक्रिया होण्यापूर्वी काही रुग्णांच्या पोटात गेलेल्या कॅल्शियमपैकी सुमारे ३३ टक्के कॅल्शियम आतड्यातून रक्तात उतरत होतं. शस्त्रक्रियेनंतर सहा महिन्यांनी त्याच रुग्णांमध्ये हे प्रमाण ७ टक्क्यांवर आलं. सॅन फ्रान्सिस्को इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या डॉ. अ‍ॅन शेफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या मोजणीचे हे आकडे २०१५ साली प्रसिद्ध झाले. अभ्यासातल्या रुग्णांना ड जीवनसत्त्व पुरेसं दिलं जात होतं. आहार आणि गोळ्या मिळून रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम पोटात जाईल, याकडेही संशोधकांचं लक्ष होतं. काळजी घेण्यात कुठे कसूर नव्हती. तरीही आतड्याला ते कॅल्शियम पुरेसं शोषून घेता येत नव्हतं, आणि रक्तात पडणारी तूट शरीर हाडांतून भरून काढत होतं.

प्रस्तुत पुस्तकाचा विषय या एका मोजणीत सामावलेला आहे. लठ्ठपणावरच्या शस्त्रक्रियेची बातमी छापताना रुग्णाचे आधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो शेजारी शेजारी छापले जातात. किलो किती उतरले, मधुमेहाच्या किती गोळ्या बंद झाल्या, हे त्याखाली येतं. हाडं त्या फोटोत दिसत नाहीत. त्यांची झीज पुढच्या पाच, दहा, पंधरा वर्षांत समोर येते, तीही बहुधा मनगट किंवा खुबा मोडल्यावर.

ही शस्त्रक्रिया करू नये, असं सांगण्यासाठी हे पुस्तक लिहिलेलं नाही. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या दीर्घकालीन अभ्यासानं शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांमधलं मृत्यूचं प्रमाण तुलनेतल्या रुग्णांपेक्षा कमी असल्याचं दाखवून दिलं आहे. टाइप २ मधुमेह, रक्तदाब, झोपेत श्वास अडकणं, गुडघेदुखी या सगळ्यांत रुग्णाला मिळणारा दिलासा खरा आहे. नेमकं म्हणूनच हाडांबद्दल स्पष्ट बोलायला हवं. उपचारानं माणसाचं जे आयुष्य वाढतं, त्या वाढलेल्या आयुष्यात त्याला ताठ उभं राहता आलं पाहिजे.

इतिहास पाहिला तर एक गोष्ट मनाला लागते. पोटावरच्या शस्त्रक्रियेनं हाडं दुबळी होतात, हे वैद्यकाला नव्यानं कळलेलं नाही. थिओडोर बिलरोथ यांनी १८८१ साली व्हिएन्नात जठराचा कर्करोग झालेला भाग यशस्वीपणे काढला. पुढे पेप्टिक अल्सरसाठी अशा शस्त्रक्रिया सर्रास होऊ लागल्या, आणि जठराचा मोठा भाग गमावलेल्या रुग्णांपैकी काहींची हाडं वर्षानुवर्षांनी मऊ किंवा ठिसूळ झाल्याच्या नोंदी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जमा झाल्या होत्या. लठ्ठपणावरच्या शस्त्रक्रियेचा उगमही याच वाटेवर आहे. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात डॉ. एडवर्ड मेसन यांच्या लक्षात आलं, की अल्सरसाठी जठर कापलेल्या स्त्रियांचं वजन पुन्हा सहजी वाढत नाही. त्यावरून त्यांनी आणि डॉ. चिकाशी इटो यांनी १९६६-६७ मध्ये गॅस्ट्रिक बायपास मांडला. अल्सरच्या रुग्णांकडून वजनाचा धडा घेतला गेला. हाडांचा धडा मात्र मागे राहिला.

त्याआधी, १९५४ साली मिनेसोटा विद्यापीठात लहान आतड्याचा बहुतेक भाग वगळून वरचं टोक थेट खालच्या टोकाला जोडण्याची पद्धत पुढे आली होती. काही मीटर लांबीच्या आतड्यापैकी जेमतेम अर्धा मीटर आतडं अन्नाच्या वाटेवर राहायचं. वजन झपाट्यानं उतरायचं, पण सोबत जुलाब, मूत्रपिंडात खडे, यकृत निकामी होणं आणि हाडं मऊ पडणं अशी संकटं यायची. पुढे ही पद्धत बाद झाली. इटलीतल्या जेनोआमध्ये निकोला स्कोपिनारो यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस तिच्यात सुधारणा करून पित्त आणि स्वादुपिंडाचे रस खाली वळवण्याची शस्त्रक्रिया आणली. ती परिणामकारक ठरली, पण हाडांच्या दृष्टीनं आजही सर्वांत जड तीच आहे.

१९९० च्या दशकात दुर्बिणीतून शस्त्रक्रिया होऊ लागली आणि चित्र पालटलं. मोठा छेद गेला, रुग्ण दोन-तीन दिवसांत घरी जाऊ लागला, शस्त्रक्रियांची संख्या वाढली. जठराला पट्टा बांधण्याची पद्धत आली आणि बरीचशी मागेही पडली. जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढून उरलेल्याची अरुंद नळी करण्याची ‘स्लीव्ह’ मुळात अतिजाड रुग्णांसाठी पहिला टप्पा म्हणून केली जायची. आज जगात आणि भारतातही सर्वाधिक होणाऱ्या शस्त्रक्रियांत ती आहे. भारतात एकाच जोडाचा ‘मिनी बायपास’ही बराच रुळला आहे.

हाडांना नेमकं काय होतं, हे समजायला बायपासची रचना डोळ्यांपुढे आणावी. जठराच्या वरच्या टोकाला सुमारे ३० मिलिलिटरची पिशवी ठेवली जाते आणि लहान आतड्याचा खालचा भाग वर आणून तिला जोडला जातो. अन्न उरलेल्या जठराला, आद्यांत्राला (लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाला) आणि त्यालगतच्या आतड्याला वगळून पुढे जातं. कॅल्शियम प्रयत्नपूर्वक खेचून घेणारी, ड जीवनसत्त्वाच्या हुकमावर चालणारी यंत्रणा प्रामुख्यानं याच वगळलेल्या भागात असते. जठरातलं आम्लही घटतं, त्यामुळे कॅल्शियमचे काही क्षार नीट विरघळत नाहीत. रक्तातलं कॅल्शियम किंचित कमी होताच गळ्यातल्या परावटू ग्रंथी जाग्या होतात आणि त्यांचं संप्रेरक, म्हणजे पीटीएच, हाडांतून कॅल्शियम सोडवून रक्तात आणतं.

इथेच अनेक रुग्ण आणि त्यांचे फॅमिली डॉक्टर फसतात. रक्तातल्या कॅल्शियमचा रिपोर्ट ‘नॉर्मल’ येतो आणि सगळे निश्चिंत होतात. तो नॉर्मल येतो, कारण हाडं त्याची किंमत मोजत असतात. सोबत पीटीएच आणि ड जीवनसत्त्व तपासल्याशिवाय त्या एका आकड्याला फारसा अर्थ नाही.

पण कॅल्शियम हे एकमेव कारण नव्हे. जर्मन शल्यविशारद यूलिउस वोल्फ यांनी १८९२ मध्ये मांडलं, की हाड त्याच्यावर पडणाऱ्या भारानुसार आपली घडण बदलतं. चाळीस किलो उतरले, की मांडीच्या आणि कमरेच्या हाडांवरचा रोजचा भारही उतरतो. चरबीत तयार होणारं इस्ट्रोजेन घटतं. आतड्यातून स्रवणाऱ्या संप्रेरकांचं प्रमाण बदलतं; त्यांपैकी काही भूक आणि साखर आटोक्यात ठेवतात, पण हाडांवर त्यांचा परिणाम वेगळाच असू शकतो. चरबीबरोबर स्नायूही जातात. जुन्या वाड्याची डागडुजी चालू असताना पाडणारे गवंड्यांपेक्षा वेगानं काम करू लागावेत, तसं हाडांच्या पेशींचं होतं. रक्तात हाड झिजत असल्याच्या खुणा वाढलेल्या दिसतात आणि हाड बांधणाऱ्या पेशींना तो वेग गाठता येत नाही.

परिणाम किती? बायपासनंतरच्या पहिल्या एक-दोन वर्षांत खुब्याची अस्थिघनता साधारण ८ ते १० टक्क्यांनी घटल्याचं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. पाळी थांबल्यानंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत स्त्रीची अस्थिघनता वर्षाला साधारण एक-दोन टक्क्यांनी घटते, हे शेजारी ठेवून पाहिलं म्हणजे या आकड्याचं गांभीर्य कळतं.

या घटीचा अर्थ लावण्यावरून अभ्यासकांमध्ये तीन मतप्रवाह आहेत, आणि नव्या वाचकानं ते माहीत करून घेणं आवश्यक आहे. पहिला म्हणतो, हे नैसर्गिक जुळवून घेणं आहे. जड शरीर पेलायला हाड दाट झालं होतं, शरीर हलकं झालं तसं हाडही त्या मापाला आलं. यात आजार कुठला? दुसरा प्रवाह याला आजार मानतो. त्याचा आधार भक्कम आहे. वजन स्थिरावल्यानंतरही घनता कमी होत राहते. हाताच्या हाडावर शरीराचा भार पडत नाही, तरी तिथली सूक्ष्म जाळीदार रचना बिघडते. तिसऱ्या प्रवाहाचे लोक आधी मोजमापावरच बोट ठेवतात.

त्यांचं म्हणणं अस्थिघनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीच्या टेबलापाशी उभं राहिलं की पटतं. रुग्ण पाठीवर झोपतो, खालून दोन वेगवेगळ्या शक्तींचे क्ष-किरण जातात, यंत्राचा वरचा हात सावकाश सरकत राहतो, आणि हाड व मऊ ऊती यांनी अडवलेल्या किरणांच्या फरकावरून यंत्र घनता काढतं. भोवती चरबीचा थर जाड असेल तर या हिशेबात चूक शिरते. दीड वर्षानं तोच माणूस पन्नास किलोंनी हलका होऊन त्याच टेबलावर झोपला, तर दोन रिपोर्टांतला फरक हाडाचा किती आणि थराचा किती, हे एकट्या डेक्सावरून नेमकं सांगता येत नाही. म्हणून संशोधक सीटी स्कॅनवर आधारलेली मोजणी जास्त भरवशाची मानतात. तीतही, विशेषतः बायपासनंतर, घट दिसतेच. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९४ मध्ये हाडं ठिसूळ मानण्यासाठी ठरवलेली उणे २.५ टी-स्कोअरची रेषा लठ्ठ रुग्णाला जशीच्या तशी लावणं म्हणूनच धोक्याचं आहे. त्याचा आकडा चांगला दिसतो आणि तरीही हाड मोडू शकतं.

वादाचा निकाल शेवटी फ्रॅक्चरच्या नोंदींनी लावला, असं या प्रस्तावनेचं मत आहे. २०१२ साली ब्रिटनमधल्या नोंदींवरून झालेल्या अभ्यासात धोका वाढलेला दिसला नव्हता. पण तिथला पाठपुरावा सरासरी सव्वादोन वर्षांचा होता आणि पट्ट्याच्या शस्त्रक्रिया पुष्कळ होत्या. २०१४ मध्ये मिनेसोटातल्या ओल्मस्टेड परगण्यातून दुपटीहून अधिक धोक्याचा निष्कर्ष आला. २०१६ मध्ये कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातल्या १२,६७६ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि त्यात एक लक्षणीय गोष्ट दिसली. शस्त्रक्रियेआधी या रुग्णांची हाडं मोडायची ती पायाच्या खालच्या भागात, जशी लठ्ठ माणसांची मोडतात. शस्त्रक्रियेनंतर मोडू लागली ती दंड, मणका, कंबर आणि खुब्यापाशी, जशी हाडं ठिसूळ झालेल्यांची मोडतात. २०१८ मध्ये स्वीडनमधल्या ३८,९७१ बायपास रुग्णांच्या नोंदींत धोका सुमारे ३० टक्क्यांनी जास्त निघाला, आणि पडून इजा होण्याचं प्रमाणही वाढलेलं आढळलं. अमेरिकेतल्या मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्याच्या रुग्णांमध्ये २०१९ साली पट्ट्याच्या तुलनेत बायपासनंतरचा धोका ७३ टक्क्यांनी अधिक दिसला.

एकूण चित्र असं: पट्ट्यात धोका सर्वांत कमी, स्लीव्हमध्ये मधला, बायपासमध्ये त्याहून जास्त आणि स्कोपिनारो पद्धतीत सर्वाधिक. स्लीव्हचा दीर्घ पाठपुरावा अजून बायपासइतका झालेला नाही, म्हणून तिला निर्धोक म्हणण्याची घाई करू नये.

मराठी वाचकासाठी या विषयाला आणखी एक बाजू आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी जॉन युडकिन यांच्यासह २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःच्याच शरीराची मोजमापं छापली होती. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. बारीक दिसणाऱ्या भारतीय शरीरात चरबी जास्त आणि स्नायू कमी असतात, हे त्यातून सहज कळलं. याच कारणानं आशियाई लोकांसाठी शस्त्रक्रियेची मर्यादा खाली आणली गेली. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनानुसार एरवी बॉडी मास इंडेक्स ३५ च्या पुढे असेल तर शस्त्रक्रियेचा सल्ला दिला जातो. आशियाई लोकांमध्ये मात्र २७.५ पासूनच तिचा विचार करता येतो. म्हणजे आपल्याकडचा रुग्ण मुळात कमी स्नायू घेऊन शस्त्रक्रियेला जातो. त्यात भर ड जीवनसत्त्वाच्या कमतरतेची. बारा महिने ऊन असलेल्या देशात ती शहरांतच नव्हे, खेड्यांतही सर्रास आढळते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं २०२० मध्ये प्रौढांसाठी रोजच्या कॅल्शियमची शिफारस ६०० वरून १००० मिलिग्रॅमवर नेली, पण बहुतेक ताटांत तेवढं पडत नाही. नाचणी आणि तीळ कॅल्शियमचे चांगले स्रोत आहेत. पण त्यांतल्या फायटेट आणि ऑक्झलेटमुळे सगळं कॅल्शियम हाती लागत नाही, आणि शस्त्रक्रियेनंतर भाकरी खायची ती चतकोर.

प्रथिनांचा प्रश्न तर याहून अवघड. दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिनं घ्या, असं कागदावर लिहून मिळतं. एका वाटी वरणात सहा-सात ग्रॅम, एका अंड्यात सहा, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास. सुरुवातीच्या महिन्यांत एका वेळी जेमतेम अर्धी वाटी अन्न जातं. शाकाहारी घरातल्या बाईनं हा हिशेब कसा जमवायचा, हे तिला कुणीतरी बसून, तिच्या स्वयंपाकघरातले पदार्थ धरून समजावलं पाहिजे. परदेशी आहारतक्त्याचं भाषांतर हातात देऊन ते होत नाही.

गोळ्यांचंही तसंच. औषधाच्या दुकानात नुसतं ‘कॅल्शियम’ मागितलं, तर बहुधा कार्बोनेट हातात पडतं. त्याला विरघळायला आम्ल लागतं आणि ते जेवणाबरोबर घ्यावं लागतं. पोटावर शस्त्रक्रिया झालेल्यांसाठी सायट्रेट योग्य मानलं जातं. अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या संस्थेनं स्लीव्ह व बायपाससाठी रोज १२०० ते १५०० मिलिग्रॅमची, आणि स्कोपिनारो पद्धतीसाठी १८०० ते २४०० मिलिग्रॅमची शिफारस केली आहे. एका वेळी पाचशे-सहाशेपेक्षा जास्त घेऊन उपयोग नसतो, म्हणून दिवसातून दोन-तीनदा विभागून. त्यात लोहाची गोळी कॅल्शियमपासून किमान दोन तास दूर, थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी आणि कॅल्शियमपासून चार तास लांब. चहाबरोबर लोह घेतलं तर तेही वाया. नोकरी, प्रवास, स्वयंपाक सांभाळून हे वेळापत्रक आयुष्यभर पाळायचं असतं. पहिल्या वर्षी रुग्ण ते पाळतो, तिसऱ्या वर्षी विसरतो, आणि हाडांना त्याची गरज तेव्हाही तेवढीच असते.

दिलासा देणारं संशोधनही आहे, आणि या पुस्तकाचा भर त्याच्यावर आहे. व्हिएन्नात झालेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक प्रयोगात शस्त्रक्रियेआधीपासून ड जीवनसत्त्व, नंतर कॅल्शियम, प्रथिनं आणि नियमित व्यायाम अशी एकत्र योजना राबवली गेली. त्या रुग्णांच्या हाडांची झीज लक्षणीयरीत्या कमी झाली. ब्राझीलमध्ये बायपास झालेल्या स्त्रियांनी देखरेखीखाली केलेल्या व्यायामाचाही असाच परिणाम दिसला. नुसतं चालणं पुरेसं नाही. वजनं उचलणं, स्नायूंना ताण देणं, तोल सांभाळण्याचा सराव हवा. हाडं आधीच ठिसूळ असतील तर औषधं आहेत, पण तोंडानं घ्यायच्या गोळ्या नव्या जोडापाशी जखम करू शकतात, म्हणून शिरेतून दिलं जाणारं झोलेड्रोनिक आम्ल पसंत केलं जातं. तेही ड जीवनसत्त्वाची कमतरता भरून काढल्यावरच, नाहीतर रक्तातलं कॅल्शियम एकदम कोसळतं.

हे सगळं आजच सांगण्याची निकड वेगळ्याच बाजूनं आली आहे. २०२५ साली मार्चमध्ये टर्झेपटाइड आणि जूनमध्ये वजनासाठीचं सेमाग्लुटाइड भारतात बाजारात आलं. आतडं न कापता, आठवड्याला एका इंजेक्शननं वजन उतरू लागलं. आद्यांत्र जागच्या जागी राहतं, हे खरं. पण भार उतरणं, भूक मंदावणं, स्नायू जाणं हे इथेही घडतं. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कमधल्या प्रयोगात याच गटातलं लिराग्लुटाइड एकटं घेणाऱ्यांच्या खुब्याची आणि मणक्याची घनता घटली. औषधाबरोबर व्यायाम करणाऱ्यांची टिकून राहिली. शस्त्रक्रियेच्या रुग्णांनी सत्तर वर्षांत जे सोसलं, त्यातून मिळालेलं ज्ञान आता कितीतरी मोठ्या संख्येच्या लोकांना लागणार आहे.

या पुस्तकानं तीन प्रकारचे वाचक गृहीत धरले आहेत: शस्त्रक्रियेचा विचार करणारे किंवा ती झालेले रुग्ण, त्यांच्या घरची माणसं, आणि सर्जनचा पाठपुरावा संपल्यावर ज्यांच्याकडे हे रुग्ण येतात ते गावोगावचे डॉक्टर व आहारतज्ज्ञ. संशोधनाची गुंतागुंत लपवायची नाही, पण वाचकाला तिच्यात बुडवायचंही नाही, अशी त्याची धडपड आहे. जिथे पुरावा ठाम आहे तिथे ते ठामपणे बोलतं. पौगंडावस्थेतल्या मुलांची हाडं, पुरुषांमधली झीज, स्लीव्हचे दूरचे परिणाम अशा विषयांत पुरावा तोकडा असेल तिथे तसं सांगतं. हे पुस्तक डॉक्टरांची जागा घेत नाही. डॉक्टरांसमोर बसल्यावर काय विचारायचं, ते शिकवतं.

ज्यांची शस्त्रक्रियेची तारीख ठरते आहे, त्यांना एवढीच विनंती, की रक्तशर्करा, ईसीजी आणि सोनोग्राफीच्या यादीत ड जीवनसत्त्व आणि पीटीएच या दोन तपासण्या आठवणीनं लिहून घ्याव्यात. पाळी थांबलेल्या स्त्रियांनी आणि पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषांनी डेक्साही आधीच करून घ्यावी. आणि ज्यांची शस्त्रक्रिया होऊन पाच-सात वर्षं झाली आहेत, वजन छान आहे म्हणून जे पुन्हा दवाखान्यात गेलेले नाहीत, त्यांनी या तपासण्यांसाठी याच महिन्यात वेळ काढावा.